लूप फिरवताना घटकाचं स्थान कसं धरून ठेवायचं: पायथॉन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

लिस्टवर साधा फॉर लूप फिरवणं बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच जमतं. अडतं ते त्याच्या पुढे, जेव्हा घटकासोबत 'हा कितवा?' हेही लागतं. मग शेवटचा घटक गळतो, नाहीतर इंडेक्सएरर येतो. सगळ्यात वाईट म्हणजे काहीही एरर न येता चुकीचं उत्तर छापलं जातं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच असतं. स्थान वेगळं आणि अनुक्रमांक वेगळा, पण शिकणारा दोन्ही एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबतो. हा घोळ सुटला की बाकीचे टप्पे अवघड नाहीत.

## कोड टाइप करण्याआधी

इथला सगळा कोड देवनागरीत लिहिला आहे. तुमच्या फाइलमध्ये पायथॉनचे स्वतःचे शब्द, म्हणजे फॉर, इन, इफ, प्रिंट, लेन, रेंज, झिप वगैरे, इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. एन्युमरेटचं स्पेलिंग हमखास चुकतं, म्हणून सुटं देतो: ई, एन, यू, एम, ई, आर, ए, टी, ई. एकूण नऊ अक्षरं.

व्हेरिएबलची नावं (थांबे, स्थान, थांबा) देवनागरीत ठेवली तरी पायथॉन ३ ती घेतो.

सावधान: कोडमधले अंक मात्र इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी १ पडला, तर त्या ओळीवर सिंटॅक्सएरर येतो. उलट वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरीत १२ लिहिलं, तर इंट() ते बरोबर बारा म्हणूनच वाचतं. म्हणजे अडचण कोडच्या ओळीत आहे, माहितीत नाही.

## तयारी: कागदावर तीन रकाने

संपूर्ण लेखात मुख्यतः हीच लिस्ट वापरू:

```
थांबे = ["स्वारगेट", "शिरवळ", "सातारा", "कराड", "कोल्हापूर"]
```

कोडला हात लावण्याआधी कागदावर हे लिहून काढा:

| स्थान | अनुक्रमांक | थांबा |
|---|---|---|
| ० | १ | स्वारगेट |
| १ | २ | शिरवळ |
| २ | ३ | सातारा |
| ३ | ४ | कराड |
| ४ | ५ | कोल्हापूर |

स्थान, म्हणजेच इंडेक्स, हे पायथॉनचं मोजमाप. ते शून्यापासून सुरू होतं. अनुक्रमांक माणसांसाठी, हजेरीपटावरच्या 'अ. क्र.' सारखा, एकपासून. आपल्याकडच्या इमारतीत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो. तळमजला अधिक चार मजले असलेल्या इमारतीत मजले पाच असतात, पण सगळ्यात वरच्याला आपण चौथाच म्हणतो. लिस्टचंही तसंच आहे: लेन(थांबे) पाच, शेवटचं स्थान चार.

तपासा: थांबे[५] लिहिलं तर काय होईल, हे न चालवता सांगता येतंय का? इंडेक्सएरर येईल, कारण पाच नंबरचं स्थानच नाही. हे चटकन सांगता आलं नाही तर तक्ता पुन्हा पाहा.

## टप्पा १: स्थान खरंच लागतंय का ते ठरवा

प्रत्येक थांब्याचं फक्त नाव छापायचं असेल, तर स्थानाची गरजच नाही:

```
फॉर थांबा इन थांबे:
    प्रिंट(थांबा)
```

सवयीने सगळीकडे स्थान आणलं की चुकायच्या जागा वाढतात. स्थान लागतं ते ओळीला नंबर द्यायचा असेल तेव्हा, लिस्टमधला घटक जागच्या जागी बदलायचा असेल तेव्हा, शेजारचा घटक बघायचा असेल तेव्हा, किंवा 'कुठे सापडला' हे नंतर सांगायचं असेल तेव्हा. यातलं काहीच नसेल तर वरचा साधा लूप पुरे.

## टप्पा २: एन्युमरेटने दोन्ही एकदम घ्या

```
फॉर स्थान, थांबा इन एन्युमरेट(थांबे):
    प्रिंट(स्थान, थांबा)
```

एन्युमरेट प्रत्येक फेरीला एक जोडी देतो: आधी स्थान, मग घटक. हा क्रम ठरलेला आहे. 'फॉर थांबा, स्थान' असं उलटं लिहिलं तरी पायथॉन अडवणार नाही. थांबा या नावात शून्य जाईल आणि स्थान या नावात 'स्वारगेट'. पुढे कुठेतरी थांबे[स्थान] आलं की टाइपएरर येतो, आणि तुम्ही चूक त्या ओळीत शोधत बसता. चूक असते वरच्या फॉरच्या ओळीत.

बरेच जण यासाठी 'फॉर स्थान इन रेंज(लेन(थांबे))' लिहितात. ते चुकीचं नाही, पण मग घटक हवा असेल तिथे दर वेळी थांबे[स्थान] लिहावं लागतं. रेंज(लेन(थांबे) - १) किंवा रेंज(१, लेन(थांबे)) असा एक फेरा इकडेतिकडे व्हायचा धोकाही वाढतो. घटक आणि स्थान दोन्ही हवं असेल तर एन्युमरेटच घ्या.

सावधान: एन्युमरेट लिहायला विसरलात तर काय होतं, ते नीट बघा.

```
नावे = ["जय", "सुनीता"]
फॉर स्थान, नाव इन नावे:
    प्रिंट(स्थान, नाव)
```

'जय' या शब्दात बरोबर दोन चिन्हं आहेत, ज आणि य. पायथॉन ती दोन व्हेरिएबलमध्ये वाटून टाकतो आणि 'ज य' छापतो, एररशिवाय. 'सुनीता'पाशी पोचल्यावर मात्र 'टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक' असा व्हॅल्यूएरर येतो. लिस्टमधले सगळेच शब्द दोन चिन्हांचे असते तर तोही आला नसता. हा एरर दिसला की आधी एन्युमरेट आहे का ते पाहा.

आणखी एक. प्रिंट(एन्युमरेट(थांबे)) केलं तर जोड्या दिसत नाहीत, नुसतं एका ऑब्जेक्टचं नाव दिसतं. जोड्या बघायच्या असतील तर लिस्ट(एन्युमरेट(थांबे)) छापा. एन्युमरेटचा निकाल व्हेरिएबलमध्ये साठवून त्यावर दोनदा लूप फिरवू नका. पहिल्या लूपमध्ये तो संपतो, दुसरा लूप एकदाही फिरत नाही.

## टप्पा ३: अनुक्रमांक छापा, पण त्याने लिस्टमध्ये शिरू नका

छापील यादीत शून्यापासून नंबर कुणाला चालत नाहीत. दोन मार्ग आहेत. एक, छापताना प्रिंट(स्थान + १, थांबा) लिहायचं. दुसरा, एन्युमरेटलाच सुरुवात सांगायची:

```
फॉर क्रमांक, थांबा इन एन्युमरेट(थांबे, १):
    प्रिंट(क्रमांक, थांबा)
```

लूपमध्ये फक्त छापायचं असेल तर दुसरा मार्ग स्वच्छ. पण तिथे व्हेरिएबलचं नाव क्रमांकच ठेवा, स्थान नको. कारण या लूपमध्ये कुणी थांबे[क्रमांक] लिहिलं, तर स्वारगेटच्या फेरीत शिरवळ मिळेल, शिरवळच्या फेरीत सातारा, आणि कोल्हापूरच्या फेरीत इंडेक्सएरर. एन्युमरेटला दिलेला १ फक्त मोजणीची सुरुवात बदलतो. लिस्टमधली जागा त्याने हलत नाही, आणि पहिला घटक वगळलाही जात नाही.

लूपमध्ये छापायचंही आहे आणि लिस्टमध्ये बदलही करायचा आहे, अशा वेळी शून्यापासूनचं स्थान ठेवा आणि छापताना एक मिळवा.

लिस्टचा तुकडा घेतला की स्थान पुन्हा शून्यापासून सुरू होतं. थांबे[२:] म्हणजे स्थान २ पासून शेवटपर्यंतचे घटक; एन्युमरेट(थांबे[२:]) मध्ये साताऱ्याला शून्य मिळतो. मूळ लिस्टमधलं स्थान हवं असेल तर एन्युमरेट(थांबे[२:], २) लिहा. दोन्हीकडचा आकडा एकच असला पाहिजे.

### वापरणाऱ्याकडून नंबर घेताना

'कितव्या थांब्यावर उतरणार?' याला माणूस ३ म्हणतो तेव्हा त्याला सातारा हवा असतो. म्हणून थांबे[उत्तर - १]. आता त्याने ० दिला तर? शून्य वजा एक म्हणजे उणे एक, आणि पायथॉनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा घटक. प्रवासी गुपचूप कोल्हापूरला पोचतो, एरर नाही. म्हणून आधी अट घाला: उत्तर १ पेक्षा कमी नको आणि लेन(थांबे) पेक्षा जास्त नको. एक वजा करणं या तपासणीनंतरच.

## टप्पा ४: घटक बदलायचा तर लिस्टमध्येच बदला

```
फॉर स्थान, थांबा इन एन्युमरेट(थांबे):
    इफ थांबा == "कराड":
        थांबा = "कऱ्हाड"
```

हा कोड चालतो, पण लिस्ट जशीच्या तशी राहते. थांबा हे त्या फेरीपुरतं एक नाव आहे. त्याला नवी किंमत दिली म्हणून लिस्टमधला कप्पा बदलत नाही. शेवटची ओळ अशी हवी:

```
        थांबे[स्थान] = "कऱ्हाड"
```

तपासा: लूप संपल्यावर प्रिंट(थांबे) करून बदल खरंच दिसतोय का ते पाहा. लूपच्या आत थांबा छापून खात्री करू नका, तिथे चुकीचा कोडही 'कऱ्हाड'च दाखवेल.

## टप्पा ५: शेजारचा घटक

'कुठून कुठे' अशी यादी करायची आहे. पाच थांब्यांमध्ये प्रवास मात्र चारच: पाच बोटांमध्ये चार फटी असतात तसे. हे विसरलं की दोनपैकी एक चूक होते.

पुढचा घटक थांबे[स्थान + १] ने घेतला, तर शेवटच्या फेरीत इंडेक्सएरर येतो. ही बरी चूक, निदान ओरडून सांगते. मागचा घटक थांबे[स्थान - १] ने घेतला तर पहिल्या फेरीत स्थान शून्य असतं, शून्य वजा एक उणे एक, आणि पहिली ओळ छापली जाते: 'कोल्हापूर ते स्वारगेट'. बाकीच्या चारही ओळी बरोबर असल्याने ही पाचवी नजरेतून सुटते.

सरळ उपाय:

```
फॉर आधीचा, पुढचा इन झिप(थांबे, थांबे[१:]):
    प्रिंट(आधीचा, "ते", पुढचा)
```

झिप दोन लिस्टमधले समोरासमोरचे घटक जोडीने देतो. थांबे[१:] मध्ये चार घटक आहेत, आणि झिप छोट्या लिस्टपाशी थांबतो. त्यामुळे बरोबर चार ओळी येतात. स्थानही हवं असेल तर 'फॉर स्थान इन रेंज(१, लेन(थांबे))' घ्या आणि आत थांबे[स्थान - १] वापरा. इथे सुरुवातच एकपासून असल्याने उणे एक येत नाही.

## टप्पा ६: दोन लिस्ट सोबत चालवायच्या असतील

प्रत्येक थांब्यावर किती प्रवासी चढले, त्याची दुसरी लिस्ट:

```
चढलेले = [१२, ०, ०, ४५, ०]

फॉर स्थान, (थांबा, संख्या) इन एन्युमरेट(झिप(थांबे, चढलेले)):
    प्रिंट(स्थान + १, थांबा, संख्या)
```

थांबा आणि संख्या यांच्याभोवतीचा कंस गाळू नका. एन्युमरेट दोनच गोष्टी देतो: स्थान, आणि झिपने बांधलेली जोडी. कंस नसेल तर पायथॉन तीन गोष्टी शोधतो, दोनच सापडतात, आणि 'नॉट इनफ व्हॅल्यूज टू अनपॅक' येतो.

सावधान: चढलेले मध्ये चुकून चारच आकडे असतील तर झिप कोल्हापूर निमूटपणे गाळतो. पायथॉन ३.१० पासून झिपच्या कंसात शेवटी स्ट्रिक्ट=ट्रू लिहिता येतं (ट्रूचं पहिलं अक्षर कॅपिटल). मग लांबी जुळली नाही तर व्हॅल्यूएरर येतो. जुनी आवृत्ती असेल तर लूपच्या आधी दोन्हींची लेन तुलना करून घ्या.

### स्थान, अनुक्रमांक आणि मोजणी

'ज्या थांब्यांवर कुणी चढलं तेवढेच छापा, त्यांना १, २ असे नंबर द्या' अशी मागणी आली की तिसरी संख्या लागते. स्वारगेटचं स्थान ०, कराडचं ३. त्यांचे नंबर मात्र १ आणि २ हवेत. इथे एन्युमरेटचा आकडा कामाचा नाही. लूपच्या वर मोजणी = ० ठेवा, आणि अट खरी ठरल्यावर, इफच्या आत, मोजणी += १ करा. ही ओळ इफच्या बाहेर गेली तर नंबर १ आणि ४ येतील. लूपच्या आत मोजणी = ० लिहिलं तर प्रत्येक वेळी १.

## टप्पा ७: 'इंडेक्स' मेथडने स्थान शोधू नका

लूपमध्ये असतानाच चढलेले.इंडेक्स(संख्या) लिहून स्थान काढायचा मोह होतो. ही मेथड दर वेळी सुरुवातीपासून शोधते आणि पहिली सापडलेली जागा देते. आपल्या लिस्टमध्ये शून्य तीनदा आहे, स्थान १, २ आणि ४ वर. मेथड तिन्ही वेळा १ सांगेल, म्हणजे तिन्ही वेळा शिरवळ.

सगळे घटक वेगळे असले तरी हे महाग पडतं. दहा हजार वेगवेगळ्या घटकांच्या लिस्टमध्ये प्रत्येक घटकासाठी असं शोधलं तर मिळून पाच कोटींच्या वर तुलना होतात. एन्युमरेटमध्ये स्थान आधीच हातात असतं.

## टप्पा ८: लूप चालू असताना घटक काढू नका

चढलेले मधून शून्य काढायचे आहेत म्हणून हे लिहिलं जातं:

```
फॉर स्थान, संख्या इन एन्युमरेट(चढलेले):
    इफ संख्या == ०:
        चढलेले.पॉप(स्थान)
```

फेरी फेरीने पाहा. स्थान ०, संख्या १२, काही नाही. स्थान १, संख्या ०, काढली. आता लिस्ट [१२, ०, ४५, ०] झाली: मागचे सगळे एक घर पुढे सरकले. पुढची फेरी स्थान २ ची, तिथे ४५ आहे. स्थान १ वर येऊन बसलेला दुसरा शून्य कुणी पाहिलाच नाही. मग स्थान ३ वरचा शून्य निघतो आणि शेवटी [१२, ०, ४५] उरतं. रेंज(लेन(चढलेले)) वापरलं असतं तर याच कामात स्थान ४ पाशी इंडेक्सएरर आला असता, कारण रेंजने पाच फेऱ्या आधीच ठरवल्या होत्या.

लागून आलेल्या दोन घटकांपैकी एक वाचला, तर चूक बहुतेक हीच.

उपाय म्हणजे नवी लिस्ट बांधा, आणि मूळ स्थानही सोबत ठेवा:

```
उरलेले = []
फॉर स्थान, संख्या इन एन्युमरेट(चढलेले):
    इफ संख्या != ०:
        उरलेले.अपेंड((स्थान, संख्या))
```

निकाल [(०, १२), (३, ४५)]. अपेंडच्या कंसात आणखी एक कंस आहे तो मुद्दाम: अपेंड एकच गोष्ट घेतो, म्हणून दोन्ही आकडे एका जोडीत बांधायचे. स्थान सोबत ठेवायचं कारण असं: नुसतं [१२, ४५] केलं तर ४५ कराडचे होते हे हरवतं, आणि थांबेशी जोडी लावली की ते शिरवळच्या नावावर पडतात.

मूळ लिस्टमधूनच काढायचं असेल तर शेवटून सुरुवातीकडे या: रेंज(लेन(चढलेले) - १, -१, -१). मधला उणे एक लिहायलाच हवा. तिथे शून्य लिहिलं तर स्थान ० तपासलंच जात नाही.

## टप्पा ९: लिस्ट नसेल तेव्हा

टपल लिस्टसारखाच वागतो, फक्त त्यात बदल करता येत नाही.

सेटमध्ये स्थान नसतं. एन्युमरेट नंबर देईल, पण तो त्या वेळच्या फिरण्याचा नंबर. सेट[०] चालत नाही. आधी सॉर्टेड() ने लिस्ट करून घ्या.

समजा भाडे या डिक्शनरीत प्रत्येक नावापुढे रक्कम ठेवली आहे. तिच्यावर एन्युमरेट(भाडे) असा थेट लावला तर नंबरासोबत फक्त 'की', म्हणजे नावं, मिळतात, रकमा नाही. दोन्ही हवं असेल तर 'फॉर स्थान, (नाव, रक्कम) इन एन्युमरेट(भाडे.आयटम्स())', कंसासकट. भरल्याचा क्रम टिकण्याची हमी पायथॉन ३.७ पासून आहे.

मराठी मजकुरावर लूप फिरवायचा असेल तर इथे थोडं थांबा. लेन("स्वारगेट") किती? डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: स्वा, र, गे, ट. पायथॉन सांगतो ८. कारण तो स, हलन्त, व, काना, र, ग, 'ए'ची मात्रा, ट अशी चिन्हं सुटी मोजतो. स्थान १ वर नुसता हलन्त येतो. 'तिसरं अक्षर बदला' किंवा 'शब्द उलटा छापा' असे सराव प्रश्न मराठी शब्दांवर केले की म्हणूनच मात्रा भलतीकडे जाऊन बसतात. तुमच्या लूपची ती चूक नसते.

अक्षरांप्रमाणे स्थान हवं असेल तर आधी तुकडे जोडा. युनिकोडडेटा मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि:

```
तुकडे = []
फॉर चिन्ह इन "स्वारगेट":
    गट = युनिकोडडेटा.कॅटेगरी(चिन्ह)
    इफ तुकडे अँड (गट[०] == "एम" ऑर तुकडे[-१][-१] == "्"):
        तुकडे[-१] += चिन्ह
    एल्स:
        तुकडे.अपेंड(चिन्ह)
```

अवतरणातल्या एमच्या जागी इंग्रजी कॅपिटल एम टाइप करा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्यांचा गट त्या अक्षराने सुरू होतो. अशी चिन्हं मागच्या तुकड्याला चिकटतात, आणि तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचं व्यंजनही चिकटतं. इफच्या सुरुवातीचा 'तुकडे अँड' गाळू नका, नाहीतर पहिल्याच फेरीत रिकाम्या लिस्टचा शेवटचा घटक मागितला जाईल. आता एन्युमरेट(तुकडे) चार जोड्या देतो, ० ते ३.

## टप्पा १०: हातात देण्याआधी चार लिस्ट चालवून पाहा

नेहमीची पाच घटकांची लिस्ट चालली म्हणून थांबू नका.

1. रिकामी लिस्ट. लूप एकदाही फिरत नाही, म्हणून स्थान हे नाव जन्मालाच येत नाही. लूपनंतर प्रिंट(स्थान) असेल तर नेमएरर येतो. लूपच्या वर सापडलेलं = नन ठेवा (नन म्हणजे 'काहीच नाही'; पहिलं अक्षर कॅपिटल), आणि घटक सापडला की त्यात स्थान भरा.
2. एकच घटक. शेजारच्या जोड्या शून्य यायला हव्यात.
3. सगळे घटक सारखे. कुठे इंडेक्स मेथड लपली असेल तर इथे उघडी पडते.
4. हवा तो घटक पहिलाच. 'इफ सापडलेलं:' अशी अट लिहिली असेल तर स्थान ० आल्यावर ती खोटी ठरते आणि 'सापडलं नाही' छापलं जातं. अट 'इफ सापडलेलं इज नॉट नन:' अशी पूर्ण लिहा.